बीजिंग २०२२ : जे पाहुणे गेले नाहीत

४ फेब्रुवारी २०२२च्या रात्री बीजिंगच्या ‘बर्ड्स नेस्ट’ स्टेडियममध्ये हिवाळी ऑलिम्पिकची मशाल शेवटच्या टप्प्यात दोन तरुण खेळाडूंच्या हाती आली. त्यांतली एक होती दिनिगर यिलामुजियांग, वीस वर्षांची स्कीइंगपटू. चीनच्या वायव्येकडच्या शिनजियांगची, तिथल्या मुस्लिम उइघुर समाजाची. ज्या समाजातल्या दहा लाखांहून अधिक लोकांना छावण्यांत डांबल्याचा आरोप चीनवर होत होता, त्याच समाजातल्या मुलीच्या हातून ज्योत स्थापन करून यजमानांनी जगाला उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी तिची शर्यत होती. त्यात ती ४३वी आली. तिच्याविषयी जगभरच्या वर्तमानपत्रांत लिहून आलं, पण तिच्या मनात काय होतं ते मोकळेपणाने सांगायला तिच्यापुढे वाट नव्हती. या सगळ्या प्रकरणात मला ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

त्या रात्री अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू आपापले झेंडे घेऊन मैदानात चालत होते. मान्यवरांच्या रांगेत मात्र त्यांच्या सरकारांतलं कुणी नव्हतं. याला ‘राजनैतिक बहिष्कार’ असं नाव मिळालं होतं. मानवी हक्कांसाठी राजकीय नेत्यांनी क्रीडास्पर्धांवर बहिष्कार टाकावा का, या जुन्या वादाकडे मी या एका प्रसंगाच्या आधारे पाहणार आहे. माझं मत आधीच सांगते: अशा वेळी नेत्यांनी जाऊ नये. पण बीजिंगला न गेलेल्यांनी ते ज्या रीतीने केलं, त्यातलं बरंचसं मला पटलेलं नाही.

निर्णय कसा झाला

शिनजियांगमधल्या छावण्यांबद्दलची माहिती २०१७पासून बाहेर येऊ लागली होती. उपग्रहांची छायाचित्रं, फुटलेली सरकारी कागदपत्रं आणि सुटून आलेल्यांच्या साक्षी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या. चीनचं म्हणणं, ही व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं होती आणि २०१९च्या अखेरीस सगळे प्रशिक्षणार्थी बाहेर पडले. देशाबाहेर राहणाऱ्या उइघुर, तिबेटी आणि हाँगकाँगच्या लोकांच्या संघटना २०२१भर बहिष्काराची मागणी करत होत्या. त्या वर्षी ८ जुलैला युरोपियन संसदेने ५७८ विरुद्ध २९ मतांनी ठराव केला की परिस्थितीत पडताळून पाहता येईल अशी सुधारणा झाली नाही, तर सरकारी प्रतिनिधींनी बीजिंगचं निमंत्रण नाकारावं. हा ठराव सदस्य देशांवर बंधनकारक नव्हता.

मग नोव्हेंबरमध्ये टेनिसपटू पेंग श्वाईचं प्रकरण घडलं. माजी उपपंतप्रधान झांग गाओली यांच्यावर लैंगिक जबरदस्तीचा आरोप करणारी तिची पोस्ट थोड्याच वेळात गायब झाली आणि पाठोपाठ तीही दिसेनाशी झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलून ती सुखरूप असल्याचं जाहीर केलं. महिला टेनिस संघटनेचं समाधान झालं नाही. १ डिसेंबरला संघटनेने चीनमधल्या आपल्या सगळ्या स्पर्धा थांबवल्या. चीनमधून मिळणारा पैसा या संघटनेसाठी फार मोठा होता, म्हणून तिचं पाऊल मला त्या महिन्यातल्या कुठल्याही सरकारच्या घोषणेपेक्षा वजनदार वाटतं. पुढे २०२३मध्ये तिने ते मागे घेतलं, हेही इथेच सांगायला हवं.

६ डिसेंबरला अमेरिकेने जाहीर केलं की शिनजियांगमध्ये चालू असलेला वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे लक्षात घेता सरकारी शिष्टमंडळ जाणार नाही, खेळाडू मात्र जातील. दोन दिवसांत ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि कॅनडा त्याच वाटेने आले. लिथुआनियाने तर आधीच, ३ डिसेंबरला, आपले अध्यक्ष आणि मंत्री जाणार नसल्याचं सांगितलं होतं. तैवानला कार्यालय उघडू दिल्यामुळे हा छोटा देश तेव्हा चीनच्या रोषाला तोंड देत होता आणि त्याचा निर्यातमाल चिनी बंदरांत अडकू लागला होता.

साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा हा मार्ग होता. १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकची आठवण प्रत्येक सरकारच्या मनात होती. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैन्याच्या निषेधार्थ अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी तेव्हा खेळाडूंनाच घरी बसवलं. कित्येकांची आयुष्यातली एकमेव संधी गेली, १९८४मध्ये सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकून परतफेड केली आणि सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात १९८९पर्यंत राहिलं. त्या अनुभवानंतर खेळाडूला पणाला लावायचं नाही हे शहाणपण आलं, ते योग्यच होतं. निषेध जर सरकारचा असेल, तर त्याची झळ सरकारने सोसावी.

कारण सांगणारे आणि न सांगणारे

न जाणाऱ्यांची यादी मोठी दिसते, पण ती एकजिनसी नाही. न्यूझीलंडने मंत्री न पाठवण्यामागे मुख्यतः कोविडचं कारण पुढे केलं. नेदरलँड्सनेही साथीकडेच बोट दाखवलं. जपानने २४ डिसेंबरला सांगितलं की सरकारी शिष्टमंडळ जाणार नाही, पण ‘बहिष्कार’ हा शब्द काही वापरला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या प्रमुख आणि खासदार सेइको हाशिमोतो यांना ऑलिम्पिक समितीच्या निमंत्रणावर पाठवलं. काही महिन्यांपूर्वी टोकियोला चीनचे क्रीडाप्रमुख आले होते, त्यामुळे जपानची अडचण समजण्यासारखी आहे.

तरीही ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय साधलं? जो नेता साथीचं कारण सांगून घरी राहतो, त्याच्या गैरहजेरीचा अर्थ यजमान आपल्या सोयीने लावतात आणि छावणीतल्या माणसाच्या बाजूने एक शब्दही उच्चारला जात नाही. बहिष्काराची सगळी ताकद त्याच्या कारणात असते. कारण गाळलं, तर उरतो तो वाचलेला विमानप्रवास.

फ्रान्सने निदान आडपडदा ठेवला नाही. मॅक्रॉन यांनी सांगितलं की उद्घाटनापुरता नेत्यांचा बहिष्कार हे अगदी छोटं, प्रतीकात्मक पाऊल आहे आणि त्यापेक्षा उपयोगी ठरेल असं काही करावं. २०२४चं ऑलिम्पिक पॅरिसला व्हायचं होतं, हे त्यांच्या हिशेबात नसेल असं मानणं कठीण आहे. तरी त्यांचा आक्षेप खोडून काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याकडे मी येतेच.

भारताची रिकामी खुर्ची

मराठी वाचकाला या प्रकरणातला भारताचा भाग आठवत असेल, आणि तो काळजीपूर्वक पाहण्यासारखा आहे.

२६ नोव्हेंबर २०२१ला रशिया, भारत आणि चीन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीनंतरच्या संयुक्त निवेदनात भारताने बीजिंगच्या यजमानपदाला पाठिंबा दिला होता. त्या वेळी छावण्यांबद्दल जगाला जे ठाऊक होतं, ते सगळं भारतालाही ठाऊक होतं. मग २ फेब्रुवारीला चीनने मशालवाहकांमध्ये ची फाबाओ या लष्करी अधिकाऱ्याला उभं केलं. १५ जून २०२०ला गलवानमध्ये ज्या चकमकीत भारताचे २० जवान हुतात्मा झाले, त्याच चकमकीत जखमी झालेला हा अधिकारी. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते अरिंदम बागची यांनी ऑलिम्पिकचं असं राजकारण केल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि बीजिंगमधले आपले प्रभारी राजदूत उद्घाटन व समारोपाला जाणार नाहीत असं जाहीर केलं. दूरदर्शनने दोन्ही सोहळ्यांचं थेट प्रक्षेपण केलं नाही.

त्या उद्घाटनात तिरंगा घेऊन चालला आरिफ खान, काश्मीरचा स्कीइंगपटू, त्या स्पर्धेतला भारताचा एकमेव खेळाडू. जायंट स्लॅलममध्ये तो ४५वा आला. देशाचा राजदूत बाहेर आणि देशाचा खेळाडू मैदानात, ही विभागणी भारताने एका दिवसात, कसलाही घोळ न घालता करून दाखवली. ते मला मनापासून आवडलं. ज्यांचे जवान गेले, त्यांच्या सरकारने त्या मशालीपुढे टाळ्या वाजवायला बसणं शक्यच नव्हतं.

पण याला मानवी हक्कांसाठीचा बहिष्कार म्हणता येणार नाही. भारताने स्वतःच्या जखमेबद्दल आवाज उठवला, शेजाऱ्याच्या घरातल्या आक्रोशाबद्दल तो गप्प राहिला. हे दुखतं, कारण भारताचा जुना इतिहास वेगळा आहे. १९७४मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारतासमोर दक्षिण आफ्रिका होती. विजय आणि आनंद अमृतराज भरात होते, चषक जिंकण्याची ती खरी संधी होती. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारत खेळला नाही आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला. १९८६च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धांवर ज्या ३२ देशांनी याच प्रश्नावरून बहिष्कार टाकला, त्यांतही भारत होता. त्या दोन्ही वेळी अन्याय दुसऱ्या खंडातल्या माणसांवर होत होता.

दक्षिण आफ्रिकेबाबत बहिष्कार का लागू पडला, हे इथेच पाहिलेलं बरं. तिथला वर्णभेद खुद्द संघनिवडीत शिरलेला होता, त्यामुळे ‘खेळात राजकारण नको’ हे वाक्य कुणाला तोंडावर फेकता येत नव्हतं. तिथल्या पीडितांनाच बहिष्कार हवा होता. आणि तो एका संध्याकाळपुरता नव्हता, दशकानुदशकं चालला. व्यापार, कर्ज, शस्त्रं अशा सगळ्या दारांवर एकाच वेळी टकटक होत राहिली. बीजिंगमध्ये यांतली एकच गोष्ट होती: पीडितांची मागणी.

खुर्ची कोण भरतं

चीनने आधी ‘ठोस प्रत्युत्तरा’चा इशारा दिला आणि नंतर म्हटलं की या देशांच्या नेत्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. दोन्ही एकत्र वाचलं की दिसतं, गैरहजेरी झोंबली होती. यजमानाला ऑलिम्पिकमधून पदकांइतकंच हवं असतं ते पाहुण्यांसोबतचं छायाचित्र. देशातल्या जनतेला ते दाखवता येतं: पाहा, सगळं जग आपल्याकडे आलंय. म्हणून मला ‘नेत्याने तिथे जाणं म्हणजे तटस्थ राहणं’ हा युक्तिवाद पटत नाही. त्या छायाचित्रात उभं राहणं हे एक काम आहे आणि ते यजमानासाठी केलेलं काम आहे.

त्या रात्री छायाचित्रात कोण होतं? पुतिन होते. इजिप्तचे सिसी, पाकिस्तानचे इम्रान खान, सर्बियाचे वुचिच, मध्य आशियातले अध्यक्ष होते. पोलंडचे दुदाही होते, म्हणजे युरोपियन संसदेचा ठराव युरोपातच पाळला गेला नाही. त्याच दिवशी चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग आणि पुतिन यांनी आपल्या मैत्रीला मर्यादा नसल्याचं निवेदन काढलं. २० फेब्रुवारीला समारोप झाला आणि २४ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. तुम्ही गेला नाहीत तर तुमची जागा असे लोक घेतील, असं यावरून सांगतात. पण पुतिन यांच्या शेजारी बायडेन बसले असते तर ते आक्रमण थांबलं असतं, असं कुणी गंभीरपणे म्हणू शकेल?

माझ्या मताला खरा धक्का देतं ते दुसऱ्या एका पाहुण्याचं उदाहरण. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरस बीजिंगला गेले. शी यांच्या भेटीत त्यांनी मानवी हक्क उच्चायुक्त मिशेल बाशेले यांना शिनजियांगसह विश्वासार्ह दौरा करू द्यावा, अशी अपेक्षा बोलून दाखवली. मे महिन्यात तो दौरा झाला. तो कडक देखरेखीखाली झाला आणि त्यावर टीकाही खूप झाली. तरी ३१ ऑगस्टला, बाशेले यांचा कार्यकाळ संपायला काही मिनिटं उरली असताना, त्यांच्या कार्यालयाचा अहवाल प्रसिद्ध झाला: शिनजियांगमध्ये जे घडलं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या शिक्क्यासह ते वाक्य कायमचं नोंदलं गेलं. म्हणजे जाणारा प्रत्येक जण शोभेचा पाहुणा नसतो. विशिष्ट मागणी घेऊन जाणाऱ्याची आणि ती मागणी उघडपणे नोंदवणाऱ्याची जागा वेगळी आहे. मात्र ती जागा बहुतेक देशांच्या नेत्यांची नव्हती. ते कुठलीच मागणी घेऊन गेले नव्हते.

आता मॅक्रॉन यांचा आक्षेप. नुसत्या प्रतीकाने काही होत नाही, हे खरं. पण ते प्रतीक एकटं सोडायची सक्ती कुणी केली होती? बहिष्काराच्या घोषणेनंतर दोनच दिवसांनी अमेरिकी प्रतिनिधीगृहाने उइघुरांच्या सक्तीच्या मजुरीविरुद्धचं विधेयक ४२८ विरुद्ध १ मताने मंजूर केलं. २३ डिसेंबरला बायडेन यांनी त्यावर सही केली आणि २१ जून २०२२पासून ते लागू झालं. या कायद्याचं मर्म असं, की शिनजियांगमधून आलेला माल सक्तीच्या मजुरीतूनच बनला आहे असं गृहीत धरलं जातं आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर पडते. जगातला सुमारे एक पंचमांश कापूस शिनजियांगमध्ये पिकतो, हे लक्षात घेतलं की या गृहीतकाचं वजन कळतं. याच्या जोडीने पाहिलं तर रिकाम्या खुर्चीला अर्थ येतो. ज्या सरकारांनी खुर्ची रिकामी ठेवली आणि बाजार जसाच्या तसा चालू ठेवला, त्यांच्यावर मॅक्रॉन यांची टीका बरोबर बसते.

ओझं शेवटी कुणाच्या पाठीवर

खेळाडूंना झळ लागू नये म्हणून हा मधला मार्ग निघाला, असं मी वर म्हटलं. प्रत्यक्षात काय झालं? स्पर्धेआधी आयोजन समितीच्या अधिकाऱ्याने बजावलं की ऑलिम्पिकच्या भावनेविरुद्ध, विशेषतः चिनी कायद्यांविरुद्ध, बोलणं-वागणं झालं तर शिक्षा होऊ शकते. इकडे अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी अमेरिकी खेळाडूंना सल्ला दिला की चिनी सरकारचा रोष ओढवून घेऊ नका. खेळाडूंना वैयक्तिक फोन घरी ठेवून तात्पुरते फोन नेण्याच्या सूचना मिळाल्या. ज्या देशात फोनसुद्धा नेणं धोक्याचं, तिथे मुलामुलींना पाठवायचं, वर गप्प राहा म्हणून सांगायचं, आणि आपण घरी बसून तत्त्वाची बाजू घेतल्याचं समाधान मिळवायचं. हे मला खुपतं. नेता जात नसेल, तर त्या सोळा-सतरा दिवसांत त्याने रोज बोलायला हवं होतं, म्हणजे पत्रकारांचा प्रश्न खेळाडूपर्यंत पोचला नसता. स्पर्धा सुरू झाल्यावर मात्र बहुतेक नेते पदकविजेत्यांचं अभिनंदन करण्यात रमले.

बोलला तो एक खेळाडू. स्वीडनच्या निल्स फान डर पूल याने स्पीड स्केटिंगमध्ये ५,००० आणि १०,००० मीटर अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. मायदेशी परतल्यावर त्याने, मानवी हक्कांची अशी अवस्था असलेल्या देशाला ऑलिम्पिक देणं बेजबाबदारपणाचं होतं, असं सांगितलं आणि एक सुवर्णपदक अँजेला ग्वे हिच्या हाती दिलं. तिचे वडील ग्वे मिनहाय, स्वीडनचे नागरिक आणि हाँगकाँगमधले पुस्तकविक्रेते, चीनमध्ये १० वर्षांची शिक्षा भोगत होते.

आणि त्याच बीजिंगमध्ये, ऑलिम्पिक संपून दोन आठवडे व्हायच्या आत, आणखी एक गोष्ट घडली. हिवाळी पॅरालिम्पिकच्या तोंडावर, २ मार्चला, आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना तटस्थ म्हणून खेळू द्यायचं ठरवलं. अनेक देशांच्या पथकांनी, काहींनी आपल्या सरकारांच्या सांगण्यावरून, खेळणार नाही असं कळवलं. दुसऱ्या दिवशी समितीने निर्णय फिरवला. खेळ आणि राजकारण वेगळं म्हणणारी व्यवस्था चोवीस तासांत बदलली, कारण समोर स्पर्धाच कोसळण्याची भीती होती. रशियाचे जे दिव्यांग खेळाडू तिथे पोचलेले होते, त्यांच्यावर यात अन्यायही झाला, आणि तो मी विसरत नाही. पण दबाव कशाला म्हणतात हे त्या दिवशी दिसलं. महिनाभर आधीच्या रिकाम्या खुर्च्यांत तो नव्हता.

उशीर कुठे झाला

खरी चूक डिसेंबर २०२१मधली नाही. ती ३१ जुलै २०१५ची आहे. क्वालालंपूरला ऑलिम्पिक समितीने २०२२चं यजमानपद ठरवलं तेव्हा मैदानात दोनच शहरं उरली होती, बीजिंग आणि कझाकस्तानचं अल्माटी. स्टॉकहोम, क्राकोव्ह, ल्विव्ह आणि ऑस्लो एकेक करत बाहेर पडली होती. कुठे खर्च परवडेना, कुठे लोकांनी मतदानात नकार दिला, ल्विव्हच्या वाट्याला तर युक्रेनमधली अस्थिरता आली. बीजिंग ४४ विरुद्ध ४० मतांनी जिंकलं. यजमान शहराशी होणाऱ्या करारात मानवी हक्कांचं कलम आलं ते २०२४च्या स्पर्धेपासून. २००८च्या ऑलिम्पिकमुळे चीन मोकळा होईल, असं २००१मध्ये सांगितलं गेलं होतं. २००८चं ऑलिम्पिक संपलं आणि त्याच डिसेंबरमध्ये लोकशाहीची मागणी करणारे लेखक ल्यू शियाओबो यांना अटक झाली. २०१७मध्ये ते कैदेतच वारले. एवढं समोर असूनही २०१५च्या त्या मतदानाआधी कुठल्याही मोठ्या लोकशाही देशाच्या नेत्याने आवाज चढवला नाही. सहा वर्षांनी निघालेले बहिष्कार म्हणजे वरातीमागून घोडं होतं.

६ ऑक्टोबर २०२२ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत बाशेले यांच्या कार्यालयाच्या अहवालावर नुसती चर्चा करावी, असा प्रस्ताव आला. १७ मतं बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. भारत तटस्थ राहिला. एखाद्या एका देशाविरुद्धचे ठराव उपयोगी नसतात, ही भारताची जुनी भूमिका प्रवक्त्यांनी सांगितली, आणि शिनजियांगच्या लोकांचे मानवी हक्क जपले जावेत असंही त्यांनी त्याच वेळी म्हटलं. भारताने ते इतकं स्पष्ट म्हणण्याची ही पहिली वेळ. आठ महिन्यांपूर्वी, सगळ्या जगाचं लक्ष बीजिंगकडे असताना, हेच एक वाक्य गलवानच्या निषेधाला जोडून उच्चारता आलं असतं.

११ डिसेंबर २०२४ला फिफाच्या ऑनलाइन सभेत २०३४च्या पुरुष फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद सौदी अरेबियाला मिळालं. उमेदवार एकच होता. मतमोजणी झाली नाही, टाळ्यांनी मंजुरी झाली. निवडीच्या पद्धतीवर नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाने लेखी आक्षेप नोंदवला. सरकारांच्या पातळीवर, २०३४मध्ये मान्यवरांच्या रांगेत बसायचं की नाही याचा विचार करणाऱ्या नेत्यांपैकी त्या दिवशी फारसं कुणी बोललं नाही.